संगणकासोबत मोफत

मी फुकट आलेला बोलतोय.

विकत घेतलेल्या वस्तूला मान असतो, वारशाने आलेलीला माया मिळते. फुकट आलेल्याकडे मात्र माणूस दोनदा बघतो, एकदा हावरेपणाने आणि एकदा संशयाने. ही दुसरी नजर टिकायला हवी. पण ती टिकत नाही, आणि माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मी मराठी टायपिंगचा एक प्रोग्राम. एका चकतीवर मावेन एवढाच. माझा जन्म नागपुरात जिन्याखालच्या एका खोलीत झाला. मला लिहिणारे दोघे होते. एकाने माझी अक्षरं घडवली. जोडाक्षरं मोडू नयेत म्हणून तो आठवडाभर झटला. त्याचा माझ्यावर जीव होता. दुसरा माल खपवणारा. तो म्हणाला, "संगणक विकणाऱ्या दुकानदारांना हा वाटून टाकू. प्रत्येक मशीनसोबत जाऊ दे, फुकट."

"फुकट? मग आपण खायचं काय?"

"वर्षभर फुकट रे. तोवर लोक आपलं सगळं लिखाण यात भरतील. मग कुलूप लागेल. चावी आपल्याजवळ."

त्याने माझ्या पोटात कुलूप बसवलं. माझ्यात लिहिलेलं दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला वाचता येणार नाही, अशी तजवीजही केली. त्या दिवसापासून माझा स्वतःवरच विश्वास नाही.

तिथून मी साकोलीला आलो. भंडारा जिल्हा फुटून दोन झाले, त्याला चार-पाच वर्षं झाली होती. हायवेवर परसरामभाऊंचं संगणकाचं दुकान होतं. मशीन घेणाऱ्याला ते तीन गोष्टी मोफत देत: माऊसखालची गादी, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचं कव्हर आणि मी. माझ्या कुलपाची त्यांना कल्पना होती का? मला आजही सांगता येत नाही. माझ्यासोबत आलेला बारीक अक्षरातला कागद घडी न मोडताच खोक्यात परत गेला, एवढं मी पाहिलं. न वाचणं हीसुद्धा एक सोय असते.

मला घेऊन गेली भावना. बी.ए. झालेली, तहसील कचेरीसमोर टायपिंगचं दुकान टाकणारी. तिने विचारलं होतं, "भाऊ, हे फुकट काहून?"

"कंपनी देते ताई, मी देऊन राहिलो. विचारता कायले? घ्या ना."

ती हसली आणि घेऊन गेली. तिचा संशय एक मिनिट टिकला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अजून विचार! पण मला तोंड नाही. लोक लिहितात तेवढंच मी बोलतो.

ती दिवसभर माझ्यात लिहायची. उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, बुद्धविहारातल्या कार्यक्रमाची पत्रकं. गिऱ्हाईक नसलं की वर्तमानपत्राला पत्र लिहायची, बसस्टँडवर बायकांसाठी धड संडास का नाही म्हणून. मी सगळं पोटात ठेवत गेलो, आणि आत दिवस मोजत गेलो.

हिवाळ्यात बुधराम आले. जवळच्या गावातल्या मासेमारी संस्थेचे ते अध्यक्ष. अंगाला तलावाचा वास, पायात रबरी चप्पल. त्यांनी रामराम केला, भावनाने जयभीम केला. ते यंत्रापासून दोन हात लांबच बसले.

"हे यंत्र नावं खात तं नाई ना, पोरी?"

"नाही काकाजी, सांभाळून ठेवते."

"केवढ्याले पडलं?"

"मशीन विकत, लिहायचं सॉफ्टवेअर फुकट."

बुधराम आणखी मागे सरकले. "फुकटची मासळी कोनी देत नाई. देली तं समजाचं, सडली हाये."

त्या दुकानात मला बरोबर ओळखणारा तो एकच माणूस.

त्यांचं काम असं होतं. गावचा तलाव संस्थेकडे ठेक्याने होता आणि ठेक्याची मुदत पुढच्या वर्षी संपणार होती. नवा ठेका मागताना सभासदांची यादी द्यावी लागते. संस्थेचं रजिस्टर जुनं, ओल लागून त्याची निम्मी पानं चिकटलेली. खरी यादी बुधरामांच्या तोंडात होती. मासळी निघाली की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाटे मांडत. बुधराम ओळीने नावं पुकारत, ज्याचा वाटा तो "हाव", म्हणजे "हो", म्हणे आणि वाटा उचले. त्याच क्रमाने त्यांनी बावन्न नावं सांगितली आणि भावनाने ती माझ्यात उतरवली.

मी बावन्नच्या बावन्न नावं घेतली. एकालाही विचारलं नाही, बाबा रे, तू कोण? भावना म्हणाली, ठेका देणाऱ्या कार्यालयाचा अर्जाचा नमुना आला की त्यात बसवून छापू. बुधराम उठता उठता माझ्याकडे वळून बघत गेले.

वर्ष सरलं. नोटीस निघाली, पण गावात पोचायलाच तिला उशीर झाला. यादी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भंडाऱ्याच्या कार्यालयात हवी होती. बाहेरच्या एका ठेकेदाराने आधीच अर्ज टाकलाय, अशी बातमीही सोबत आली. यादी गेली नाही तर तलाव जाणार, आणि तलावावर बावन्न घरं जगत होती.

बुधराम दुपारच्या बसने आले. सोबत त्यांची वहिनी शकुन होती. तिला तहसीलमध्ये काम होतं. ती दाराशी बाकावर बसली.

भावनाने यादी उघडली. मी उघडलो नाही; माझं फुकटचं वर्ष नेमकं त्याच दुपारी भरलं होतं. पडद्यावर माझ्याकडून एक चौकोन आला: 'मोफत मुदत संपली आहे. चावीसाठी विक्रेत्याशी संपर्क साधा.'

"खाल्ली ना नावं?" बुधराम म्हणाले.

भावनाने परसरामभाऊंना फोन लावला.

"ताई, आता पूर्ण आवृत्ती घ्या लागन. चावी नागपूरवरून येते. आठ दिवस लागतीन."

"भाऊ, नावं आमची आहेत!"

"नावं तुमची, पेटी त्यायची. मी काय करू?"

"मी विचारलं होतं, फुकट काहून म्हणून. तुम्हीच म्हणाले, विचारता कायले!"

परसरामभाऊंनी फोन ठेवला.

बुधराम उभे राहिले होते. "ठेकेदारानं त्या दुकानदाराले फोडलं असन," ते म्हणाले. मग हळूच, नजर न मिळवता, "अन तुले तं कोनी सांगतलं नाई ना पोरी, नावं दाबून ठेव म्हून?"

भावनाचा चेहरा पडला. पोटात कुलूप माझ्या होतं आणि डाग तिला लागत होता. मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं. पण फुटायचीही परवानगी नागपूरहूनच यायची.

ती रडली नाही. ड्रॉवरमधून फुलस्केप कागद काढले, पेनाचं टोपण दातांनी उघडलं. "पुकारा काकाजी. पाळीवर पुकारता तसेच पुकारा."

बुधराम भिंतीकडे तोंड करून नावं घेऊ लागले. पेन चालू लागलं. सोळावं, सतरावं.

"तुलाराम!"

"हाव," दारातून शकुन म्हणाली.

पेन थांबलं.

"मावशी, तुलाराम कोण?"

"माहा मालक."

"मग ते कुठं आहेत?"

शकुन गोंधळली. "त्यायले जाऊन पाच वर्सं झाली ना बाई. सवयीनं निंगालं तोंडातून."

भावनाने नोटीस पुन्हा वाचली, या वेळी मोठ्याने. यादीत फक्त हयात आणि स्वतः मासेमारी करणारे सभासद असावेत. खोटं नाव आढळल्यास अर्ज रद्द.

"काकाजी, असे मेलेले किती आहेत?"

"मेलेले कसे म्हनते? वाटा चालू हाये त्यायचा. बायका घेतेत."

"किती?"

बुधरामांनी बोटांवर मोजलं. "सात."

"हीच यादी मी छापून दिली असती तर? ठेकेदाराने एक मृत्यूचा दाखला दाखवला असता की तलाव गेला असता. बायकांचीच नावं सांगा."

"पाळीवर बाईचं नाव कोनी पुकारत नाई, पोरी. तसाच रिवाज हाये."

दारातून शकुन उठली. "भाऊजी, जाळं माह्या हातात, हाव माह्या तोंडात, अन नाव मेलेल्याचं? तुमाले यंत्राचा भेव वाटते. ह्याचा नाई वाटला?"

बुधरामांनी वळून शकुनकडे पाहिलं. यंत्रावर, दुकानदारावर, ठेकेदारावर, अगदी भावनावरही त्यांनी संशय घेऊन पाहिला होता. स्वतःच्या तोंडावर घ्यायचा तेवढा राहिला होता.

मग ते म्हणाले, "लिव. शकुन तुलाराम. रुखमिणी. बायजाबाई..." सात नावं झाल्यावर ते भावनाजवळ येऊन बसले, यंत्राला अगदी खेटून. "मघाचं बोलनं पोटात ठेवू नको, पोरी."

हाताने लिहिलेली यादी सकाळच्या पहिल्या बसने भंडाऱ्याला गेली.

तलाव राहिला. महिन्याने बुधराम पळसाच्या पानांत मासळी घेऊन आले. भावना म्हणाली, "फुकट काहून, काकाजी?" दोघं खूप हसले. मग त्यांनी सांगितलं, पाळीवर पहिल्यांदा शकुनचं नाव पुकारलं तेव्हा ती गप्पच होती, दोनदा पुकारावं लागलं. "मंग अशी ओरडली, का पल्याडच्या काठावरचे बगळे उडाले."

माझ्या कुलपामुळे भलंच झालं, असं कोणी म्हणू नये. मला ते ऐकवत नाही. चोराने भिंत फोडली म्हणून आतली वाळवी दिसली, तर चोराला आहेर करत नाहीत.

भावनाने माझी चावी कधीच घेतली नाही. तिचं वर्षभराचं लिखाण माझ्यातच अडकलं, ती बसस्टँडची पत्रंसुद्धा. ती आता नव्या मशीनवर काम करते. लिहिलेलं कुठेही उघडतं ना, हे आधी तपासते आणि सोबत मोफत काही मिळालं की बारीक अक्षरातला कागद शेवटपर्यंत वाचते. मी जुन्या मशीनमध्ये कोपऱ्यात पडून आहे. वर प्लास्टिकचं कव्हर आहे, माझ्यासोबत फुकट आलेलं. आम्हा दोघांत तेच प्रामाणिक निघालं.

ती बावन्न नावं अजून माझ्या पोटात आहेत, सात मेलेल्यांसकट. उद्या कुणी चावी आणली आणि मला उघडलं, तर माझी अक्षरं सुबक दिसतील. त्यांना भुलू नका. यादी घेऊन पाळीवर जा, एकेक नाव मोठ्याने पुकारा आणि हाव कोण म्हणतं, ते मान वर करून बघा.