हलका बूट

मुमताज अधू पायाला आधार देणारे कॅलिपर बनवते, हे जळगावात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. पोलिओ, अपघात, जन्मतःच वाकडा पाय, काहीही असो, माणूस तिच्या दुकानात यायचा. ती पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायची, प्लास्टिकचा पत्रा भट्टीत मऊ करून साच्यावर बसवायची आणि घोट्याशी बिजागरी लावायची. पंचवीस वर्षं तिचं हेच काम. बर्फ तिने पाहिला होता तो फक्त रसवंतीतला.

डिसेंबरात एके दिवशी रावेरच्या पितांबर तायडेंची मुलगी संघमित्रा पोतं खांद्यावर टाकून दुकानात आली. मुमताजने तिला ओळखलं. तिच्या धाकट्या भावाचा, प्रशीलचा, पहिला कॅलिपर मुमताजनेच केला होता. संघमित्रा आता हिमाचलात गिर्यारोहण शिकवायची. बर्फ पडला की वरची गावं तुटतात. तिथे औषधं पोचवायला पाच बायांचं एक पथक होतं, त्यात तीही होती. या बाया पायाला स्की, म्हणजे लांब फळ्या, बांधून डोंगर चढतात आणि घसरत खाली येतात.

तिने पोत्यातून एक बूट काढून टेबलावर ठेवला, तसं टेबल हाललं. मुमताजने तो उचलून पाहिला. एका बुटाचं वजन दोन किलोंच्या वर होतं.

संघमित्राने सगळं नीट समजावलं. चढताना बोटांकडची बाजू फळीला धरून राहावी आणि टाच मोकळी उचलता यावी. उतरताना टाच पक्की बसावी. त्यासाठी पुढे दोन खिळ्यांनी बूट पकडायची हलकी युक्ती परदेशात कधीचीच निघाली आहे. पण तिथले बूट अरुंद आणि लांब. पथकातल्या बायांचे पाय आखूड आणि रुंद. पाच जणींपैकी तिघी बुटात कापड कोंबून डोंगर चढायच्या. आमच्या पायाच्या मापाचा हलका बूट करून द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

मुमताज सुरुवातीला नको म्हणाली. आपलं काम अधू पायाला आधार द्यायचं, धडधाकट पायांचं आपल्याला काय कळणार, असं तिने स्पष्ट सांगितलं. पण बोलता बोलता तिचा हात बुटाच्या घोट्यावरून फिरत होता. घोटा आत जखडलेला होता, जराही वाकत नव्हता.

"असा घोटा बांधून चढता कसे तुम्ही?" तिने विचारलं.

"कसेतरी चढतो, आपा. म्हणून तर तुमच्याकडे आले. प्रशीलच्या कॅलिपरला तुम्ही घोटा मोकळा सोडला होता."

मुमताजने प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात भिजत घातल्या.

पुढचे पंधरा दिवस दुकानात दोन्ही कामं चालली. सकाळी रोजचे पेशंट, दुपारी बूट. घोट्याला तिने मोठ्या माणसाच्या कॅलिपरची बिजागरी लावली आणि मागे एक खटका ठेवला. खटका वर केला की घोटा मोकळा, खाली दाबला की बंद. खिळ्यांच्या पकडीचं काम तिने धुळ्याला भाऊ अतिककडे सोपवलं. त्याचं लेथचं वर्कशॉप होतं. अतिकने आधी फोनवरच हसून घेतलं, मग दोनदा एसटीने जळगावला येऊन मापं नेली. पडल्यावर पाय मोडण्याआधी बूट सुटला पाहिजे, असं संघमित्राने बजावलं होतं, म्हणून त्याने तीन वेळा स्प्रिंग बदलली.

बूट तयार झाला. एकाचं वजन किलोभरही भरेना. मुमताजला मनातून वाटलं, जमलं की.

पण थंडीची परीक्षा राहिली होती. तिने बूट पिशवीत बांधला आणि ओळखीच्या बर्फ कारखान्यात, बर्फाच्या साच्यांभोवतीच्या खाऱ्या पाण्यात, दिवसभर सोडला. संध्याकाळी बाहेर काढून हातोडीने हलकेच ठोकला. पापड मोडावा तसा बूट टाचेपासून वरपर्यंत तडकला.

मुमताज कारखान्याच्या ओट्यावर बसली. जळगावच्या उन्हात पंचवीस वर्षं टिकलेलं प्लास्टिक गारठ्यात असं दगा देईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. या तडकलेल्या बुटाने डोंगरावर पोरीचा पाय मोडला असता. नाही जमत, असं कळवून टाकावं म्हणून तिने मोबाइल हातात घेतला.

समोर मगन नावाचा हमाल टेम्पोतून मासळीचे क्रेट उतरवत होता. क्रेट बर्फाने भरलेले, कडेने गोठलेले. तो ते सिमेंटवर सरळ आपटत होता आणि एकालाही तडा जात नव्हता. मुमताज बघत राहिली. तिने उठून एक क्रेट हातात घेतला, कड वाकवून पाहिली आणि हे फुटत नाहीत का, असं विचारलं.

"नही, अक्का. बठ्ठा क्रेट आसाच शेतस," मगन अहिराणीत म्हणाला, म्हणजे सगळे क्रेट असेच असतात.

तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत क्रेट बनवणाऱ्याकडे गेली. त्याने सांगितलं, प्लास्टिकची जात तीच, पण थंडीत चिवट राहावं म्हणून त्यात दुसरं प्लास्टिक मिसळलेलं असतं. तसा पत्रा मिळतो, मागवावा लागतो. आठवड्याने पत्रा आला. तो भट्टीत लवकर ओघळायचा, म्हणून बुटाच्या दोन खोळी वाया गेल्या. तिसरी साच्यावर नीट बसली. ही खोळ तिने तीन दिवस मीठ घातलेल्या बर्फात ठेवली आणि मग दोन्ही हातांनी हातोडी हाणली. हातोडी उडाली, बूट जसाच्या तसा.

दुसऱ्या पायाचा बूटही तसाच झाला आणि जानेवारीत संघमित्रा जोडी घेऊन गेली. नंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. वर रेंज नव्हती. मुमताज पेशंटच्या पायाला पट्टा बांधताना मध्येच थांबायची.

फेब्रुवारीत दुपारी फोन आला. संघमित्राचा आवाज धापेने तुटत होता. नेहमी सहा तास लागायचे त्या गावाला ती चार तासांत पोचली होती, इन्सुलिन घेऊन. उजवी पकड दोनदा आपोआप सुटली, तेवढी अतिकमामांनी घट्ट करावी. आणि एका बाजूला पोटरीला घासतंय.

"कुठल्या बाजूला?" मुमताजने पेन्सिल घेतली. "आतून का बाहेरून?"

"आतून. आपा, बाकीच्या चौघी विचारताहेत, त्यांच्या पायांचे साचे कसे घ्यायचे?"

मुमताजने तिला पट्टी पायावर कशी गुंडाळायची, घोटा कोणत्या कोनात धरायचा, साचा वाळल्यावर मागून कसा कापायचा, हे एकेक करून सांगितलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कुरिअरवाला मोठं खोकं घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. आत आठ पांढरे पाय होते, गवतात गुंडाळलेले, प्रत्येकावर पेनाने नाव लिहिलेलं. मुमताजने ते खिडकीपाशी ओळीने मांडले आणि अतिकला फोन लावला.