आपलंच घर समजा

शुभाताईंना अमेरिकेत, कॅरीला मुलाकडे येऊन दोन वर्षं झाली, तरी त्या ज्या खोलीत झोपायच्या तिला घरातले सगळे अजून 'गेस्ट रूम'च म्हणायचे. नात अनिका तर बिनदिक्कत सांगायची, "आजी, युअर ग्लासेस आर इन द गेस्ट रूम." सात वर्षांची पोर, तिला काय बोलणार? पोरं घरात जे ऐकतात तेच बोलतात.

पहिल्याच दिवशी विमानतळावरून आल्या आल्या सुनेनं, आश्लेषानं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "आई-बाबा, अगदी आपलंच घर समजा हं." तेव्हाच शुभाताईंच्या कपाळाला आठी पडली होती. अहो, समजा कशाला? मुलाचं घर ना हे? स्वतःच्या घरात कुणी कुणाला 'समजा' म्हणतं का? पण प्रवासाचा शीण होता, म्हणून गिळलं.

मग गिळायची सवयच लागली. फोडणी गॅरेजमध्ये करायची, कारण वास सोफ्यात बसतो. टॉवेल मागच्या अंगणात वाळत घालायचा नाही, कारण कॉलनीचा नियम. एवढं झळझळीत ऊन, आणि कपडे मशीनमध्ये सुकवायचे! कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मुलाला, अनीशला, मीटिंगांमधून सवड मिळेल तेव्हा त्यानं ड्राइव्ह करून न्यायचं. त्यांचे यजमान, उल्हासराव, आपले खिडकीशी बसून झाडीतली हरणं बघत. त्यांना कशाचंच काही नव्हतं. देवानं पुरुषांना कातडी कसली दिलीय कोण जाणे.

ठिणगी पडली ती संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात. आश्लेषाची कंपनी आता तिला घरूनच काम करायला सांगणार होती. जेवता जेवता ती म्हणाली, "आई, मला डेस्क लावायला एक रूम लागेल. तुमचं सामान जरा कमी करता येईल का? म्हणजे तुम्ही आहात तोवर अ‍ॅडजस्ट करू आपण."

"आहात तोवर?" शुभाताईंनी हातातला घास ताटात ठेवला. "आमचं स्वतःचं घर आहे म्हटलं! बाग आहे, अंगण आहे. आम्ही मार्चमध्ये चाललो. पूर्ण खोली घे तू."

"आई, असं काय यार," अनीश म्हणाला. पण दोन दिवसांत त्यानं तिकिटं बुक केली. नका जाऊ, असं एकदाही कुणी म्हटलं नाही. शुभाताईंना खरं लागलं ते हे.

तर ते घर. उल्हासरावांनी चौदा वर्षं जकार्ताच्या बाहेर, तांगेरांगला, कापडाच्या कारखान्यात काढली होती. तिथंच एका नव्या वसाहतीत हे घर घेतलं. लाल कौलं, गेटवर पहारेकरी, पहाटे मशिदीची बांग, संध्याकाळी वाडग्यावर चमचा वाजवत मांसाच्या गोळ्यांचं सूप विकायला येणारा बाक्सोवाला. मोठा पाऊस झाला की गुडघाभर पाणी, मग शेजारीपाजारी मिळून एकमेकांचे फ्रिज उचलायचे. शुभाताईंनी नाशिकहून नेलेला कढीपत्ता तिथं छपराला टेकला होता. कुंडीत तुळस होती. कपडे कुठंही वाळत घाला, कोण विचारतो!

फक्त एक होतं. परदेशी माणसाला तिथं घराची मालकी मिळत नाही. मग पुष्कळ जण करतात तेच उल्हासरावांनी केलं. घर वतीच्या नावावर घेतलं. वती म्हणजे त्यांच्याकडची कामवाली, मागच्या खोलीत राहायची, अकरा वर्षं घरात. शुभाताई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अहो, उद्या फिरली तर? ज्याच्या हाती ससा तो पारधी!"

"अगं, वती घरचीच आहे. आणि घर खरं आपलं, असा कागद करून घेतलाय तिच्याकडून," उल्हासराव म्हणाले. तो कागद कोर्टात उभासुद्धा राहणार नाही, हे त्यांना त्यांच्याच कारखान्यातल्या वकिलानं सांगितलं होतं. तरी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी कॅरीपर्यंत आणला.

आणि वती खरंच फिरणाऱ्यातली नव्हती. निघायच्या दिवशी तिनं रडून गोंधळ घातला. किल्ल्या हातात घेईना. "इबू, मी मागच्याच खोलीत राहीन, पुढं झाडून ठेवीन," म्हणाली. इबू म्हणजे आईही आणि बाईसाहेबही. शुभाताईंना भरून आलं. त्यांनी तिच्या मुठीत किल्ल्या कोंबल्या आणि तिथल्या भाषेतलं आपलं सगळ्यात आवडतं वाक्य म्हणाल्या. "आंगाप साजा रुमा सेंदिरी." आपलंच घर समज! शब्दाला शब्द आपल्या मराठीसारखं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या किती हरखल्या होत्या, आणि मग प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर तेच ऐकवायच्या.

आता तिकिटं हातात आल्यावर त्यांनी सकाळी वतीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. फोनच्या पडद्यावर वतीचा चेहरा उमलला.

"इबू! किती दिवसांनी!"

शुभाताईंनी सांगितलं, मार्चमध्ये येतोय, कायमचे. वती आनंदानं ओरडली. मग तिनं फोन हातात धरून घर फिरवून दाखवलं. बैठकीत जावई टीव्ही बघत होता. शुभाताईंच्या झोपायच्या खोलीत पाळणा होता, त्यात वतीचा नातू. लेकीचं बाळंतपण इथंच झालं, वती कौतुकानं सांगत होती. अंगणात फरशी घातली होती, जावयाच्या मोटारसायकलीसाठी.

"आणि कढीपत्ता?" शुभाताईंनी विचारलं.

"मुळं भिंतीत शिरत होती इबू. काढला."

आयत्या बिळावर नागोबा, असं शुभाताईंच्या अगदी ओठावर आलं. इंडोनेशियन भाषेत ते कसं म्हणतात हे ठाऊक नव्हतं, म्हणून राहिलं. "वती," त्या कशाबशा म्हणाल्या, "आम्हाला आमची खोली लागेल गं."

वतीनं मागं वळून पाळण्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा पुन्हा उजळला. "मागची खोली आहे ना! माझी जुनी. मी तिला रंग काढते, पंखा लावते. तुम्ही आणि साहेब दोघंच, पुष्कळ होईल. अजिबात संकोच करू नका, इबू. आंगाप साजा रुमा सेंदिरी."

तिच्या बोलण्यात कपट असतं तर शुभाताईंनी तिला तिथल्या तिथं फाडून खाल्लं असतं. कपट नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी शुभाताईंनी जे समजायला सांगितलं, ते वती इमानेइतबारे समजून बसली होती. सरकारी कागदावर नावही तिचंच होतं. भांडायचं तरी कुणाशी? शुभाताईंनी फोन उशीवर उपडा ठेवला.

उल्हासराव दाढी करून बाहेर आले. "काय म्हणाली वती?"

"या म्हणाली. संकोच करू नका, आपलंच घर समजा म्हणाली."

"बघ!" उल्हासरावांचा चेहरा फुलला. "मी सांगत नव्हतो? माया आहे पोरीला."

"माया नाही हो, मालकी आहे." शुभाताईंचा आवाज फाटला. "मागची खोली देतेय आपल्याला. तिची. 'आपलंच समजा' कोण म्हणतं, सांगा ना! ज्याचं घर असतं तो म्हणतो. आपण म्हणत होतो तोवर आपलं होतं."

उल्हासराव खाली बसले. टॉवेल त्यांच्या गळ्यातच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी कपाटातून ती प्लास्टिकची पिशवी काढली, कागद बाहेर घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत आत ठेवला. शुभाताईंना त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्यांच्या जिभेनं एका उदार क्षणी अख्खं घर देऊन टाकलं होतं, आणि जेवणाच्या टेबलावर एका रागाच्या क्षणी ही खोलीही.

जिन्यावर पावलं वाजली. आश्लेषा दारात आली, पण आत पाऊल न टाकता तिनं उघड्या दारावर टकटक केलं. तिच्या हातात मोजायची टेप होती.

"आई, डेस्क शुक्रवारी डिलिव्हर होतंय. तुम्ही निघेपर्यंत कोपऱ्यात ठेवलं तर चालेल ना?"

शुभाताईंनी डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं आणि उठून खिडकीखालची आपली बॅग बाजूला ओढली.

"चालेल की," त्या म्हणाल्या. "मला काय विचारतेस? घर तुझं आहे."