पायांखालचं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. माझा काठ एका बाजूनं चेपलेला आहे, बुडाला वेल्डिंगचा डाग आहे आणि अंगावरचं वाळलेलं सिमेंट अजून निघालेलं नाही. तरीही मला माझ्या रूपाची लाज वाटत नाही. माझी गोष्ट ऐकलीत तर तुम्हालाही वाटणार नाही.

शेलूबाजारला रहमतुल्ला चाचांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात मी पाच भावंडांसोबत एकात एक बसलेलं होतं. किन्हीराजाजवळच्या एका लहान गावात ख्रिस्ती मंडळीला प्रार्थनाघर बांधायचं होतं. मंडळीचे ज्येष्ठ पंच हेमसिंगभाऊ मला तिथे घेऊन गेले. रेती, गिट्टी, कालवलेला माल, सगळं माझ्यातूनच वर चढलं. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा पाळकसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. पण गरज सरो आणि वैद्य मरो! मी नळाजवळ कडुलिंबाखाली टाकलं गेलं. कोंबड्या माझ्यात पाणी पिऊ लागल्या आणि गंजून बुडाला भोक पडलं.

आत मात्र पितळेचं गंगाळ होतं. त्याला चिंचेनं घासत, कपड्यात गुंडाळून ठेवत. ते वर्षातून एकदाच बाहेर निघे, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी. प्रभू येशूनं गुरू असूनही गुडघे टेकून आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून हेमसिंगभाऊ बारा जणांचे पाय धूत. अठरा वर्षं हा मान त्यांचाच होता. “नम्रता शिकावी तर भाऊंकडून,” असं लोक म्हणत. भाऊ मान खाली घालून ऐकत, पण पूर्ण ऐकून घेत.

गंमत अशी, की बाराही जण त्या दिवशी घरूनच पाय घासूनपुसून येत. भाऊंसमोर मळका पाय कसा धरायचा? त्यामुळे गंगाळातलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राही. प्रार्थनाघर झाडणाऱ्या गोमतीबाई ते पाणी मोगऱ्याला घालत. त्या दाराशी चपलांजवळ बसत. त्या बारांत त्यांचं नाव कधीच नव्हतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मागच्या वर्षी त्या दिवशी भाऊ पायमोजे घालून आले. ऐन चैत्राच्या उन्हात! दार उघडं असलं की मला आतलं दिसतं. सातव्या माणसाचे पाय धुऊन उठताना त्यांनी बाकाचा आधार घेतला. कसेबसे बारा जण पूर्ण झाले. लोक पांगल्यावर गोमतीबाई फरशी पुसायला लागल्या, तर भाऊ जिथे गुडघे टेकून बसले होते तिथे पिवळट, चिकट डाग. दारापर्यंत तसेच डाग. त्या पोछा टाकून बाहेर आल्या. भाऊ माझ्या शेजारी दगडावर बसून बूट चढवत होते.

“भाऊ, पायाले काय झालं?”

“काई नाही. ठेच लागली.”

“ठेचेचा असा वास येत नाही. काढा तो मोजा.”

भाऊ काढेनात, तेव्हा गोमतीबाईंनीच काढला. अंगठा काळा पडला होता आणि बाजूच्या बोटापर्यंत जखम गेली होती. साखरेच्या आजारानं दुखणं कळलं नव्हतं. कळलं तेव्हा त्यांनी दोन महिने लपवलं.

“सांगितलं काहून नाही कोणाले?”

भाऊंनी पाय मागे ओढला. मग म्हणाले, “मी लोकाईचे पाय धुतो, बाई. मी आपला पाय दुसऱ्याच्या हाती कसा देऊ?”

मला त्या माणसाचा राग आला आणि कीवही आली. गोमतीबाईंची सून निता गावच्या उपकेंद्रात नर्स होती. ती धावत आली. “काका, असंच दाबून ठेवाल तर पाय कापा लागते. जखम धुवून आताच वाशिमले चला.”

गोमतीबाई गंगाळ आणायला उठल्या. भाऊंनी त्यांचा हात धरला. “ते नको. ते प्रभूच्या सेवेचं हाय. माह्या पुवानं खराब होईन.”

“मंग हे घमेलं हाय ना,” म्हणत त्यांनी मला उचललं आणि साबण लावून खसाखसा घासलं. पाय पाण्यात बुडवायचा नाही, उकळून थंड केलेलं पाणी वरून सोडायचं, असं नितानं बजावलं. म्हणजे माझं काम फक्त खालून झेलायचं. भाऊ तरी पाय मागेच घेत होते.

“पाय पुढं करा, भाऊ,” गोमतीबाई म्हणाल्या. “मळलेला हाय म्हणूनच धुवायचा हाय.”

त्यांनी पाय पुढे केला आणि टॉवेलमध्ये तोंड लपवून रडले.

वाशिमला दोन बोटं काढावी लागली. उरलेला पाय वाचेल की नाही हे रोजच्या मलमपट्टीवर आहे, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ घरी एकटे होते, म्हणून गोमतीबाई मला घेऊन रोज सकाळी जाऊ लागल्या. मी गळत होतं, सारं घर ओलं व्हायचं. मग त्या मला शेलूबाजारला घेऊन गेल्या. “बाई, इस घमेले में अब क्या बचा है?” रहमतुल्ला चाचांनी विचारलं. कारण कळल्यावर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून वेल्डिंगचा डाग मारून माझं भोक बुजवलं.

पहिला आठवडा भाऊ भिंतीकडे पाहत बसत. पुढे बोलू लागले. एकदा त्यांनी विचारलं, “अठरा वर्षांत म्या तुह्ये पाय कधी धुतले का, बाई?”

“मले तवा पोछा मारायचा राह्यते,” त्या सहज म्हणाल्या. साडेतीन महिन्यांनी जखम भरली. पाय वाचला.

यंदा तो दिवस आला तेव्हा भाऊंनी काठी टेकत मला स्वतः आत नेलं. गंगाळ कपड्यातच राहिलं. पहिल्या बाकावर बसून त्यांनी तीन बोटांचा पाय सगळ्यांसमोर पुढे केला आणि पाळकसाहेबांनी तो धुतला. मग भाऊ बाकाला धरून हळूहळू खाली बसले आणि दाराकडे पाहून म्हणाले, “बाई, इकडं या.”

गोमतीबाईंनी पाय लुगड्याखाली घेतले. त्या अंगण झाडून तशाच आल्या होत्या. टाचांच्या भेगांत माती भरलेली होती. “नको भाऊ, माह्ये पाय लय मळले हाय.”

“मळलेले हाय म्हणूनच धुवायचे हाय,” भाऊ म्हणाले.

मित्रांनो, त्या प्रार्थनाघरात पहिल्यांदाच पाणी काळं झालं, आणि ते मी झेललं. भाऊंनी मला उचलून ते पाणी कडुलिंबाच्या मुळाशी ओतलं. गंगाळाचा हेवा मला तेव्हापासून वाटत नाही.

जुनं भांडं फेकण्याआधी एकदा उलटून पाहा, एखादा डाग मारला तर ते चालेल. भर उन्हाळ्यात कुणी पायमोजे घालून बसलं असेल, तर त्याला विचारा. आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर ठेच लागली म्हणू नका. पाय पुढे करा. खाली मी आहे.