आश्लेषाचे न वाजलेले मेसेज

मी किशोरीताईंचा जुना मोबाइल आहे, मित्रांनो. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते श्रीवर्धनच्या बाजारातलं दुकान आणि मला खिशात घालून दिघीला नेणारे ताईंचे यजमान, विनेशभाऊ. त्यांच्याबरोबर मी समुद्रावर हिंडलो. खाऱ्या वाऱ्यानं माझा आवाज घोगरा झाला, पडून काच तडकली. मग घरात नवा मोबाइल आला आणि मी कपाटात पडून राहिलो.

तिथून मला बाहेर काढलं किशोरीताईंनी. मासेमारीच्या जोडीला विनेशभाऊ पाहुण्यांना होडीतून खाडीत फिरवू लागले होते. त्याची बोलणी करायला ताईंनी माझ्यात धंद्याच्या मेसेजचं ॲप घेतलं. "जुना हाय, पण कामाचा हाय," असं त्या शेजारणींना सांगायच्या, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

एकदा मुंबईहून आश्लेषा नावाच्या मुलीचा मेसेज आला. तिची आई दिघीच्या शाळेत शिक्षिका होती. नुकतीच ती वारली होती. आपल्या अस्थी या खाडीच्या मुखाशी सोडाव्यात, अशी तिची इच्छा होती. रविवार ठरला. ताईंनी लिहिलं, "या, आम्ही आहोत."

त्याच दुपारी बोंबील सुकत घालताना ताईंनी मला ओल्या हातानं उचललं. अंगठा आश्लेषाच्या नावावर दाबला गेला, वरच्या लहानशा खोक्याच्या चिन्हाला बोट लागलं आणि तिचं सगळं संभाषण यादीतून निघून संग्रहात, म्हणजे 'अर्काइव्ह'मध्ये, जाऊन पडलं. संग्रहातल्या माणसाचा मेसेज आला तरी माझी घंटा वाजत नाही. मेसेज येत होते. मला ते दिसत होते. पण बोलायला मला तोंड कुठे आहे?

शुक्रवारी सकाळी ताईंना भरतीची वेळ कळवायची होती. यादीत आश्लेषा सापडेना. त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्या हातून पुसलं गेलं वाटतं," त्या सासूबाईंना, केसरआजींना म्हणाल्या. "त्या पोरीला आता कुठं शोधू?"

आजी सुकट पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाव घालून बघ ना. हरवलेल्या माणसाला नावानंच हाक मारतात."

ताईंनी शोधायच्या जागेत नाव लिहिलं. संभाषण जसंच्या तसं समोर आलं. एक अक्षरही पुसलेलं नव्हतं.

"ताई, ओंकारदादाला जहाजावर लवकर हजर व्हायचंय. रविवारऐवजी शुक्रवारी आलो तर चालेल का?"

"ताई, उत्तर द्या ना."

"आम्ही जेटीवर पोचलोय. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

ताई मला मुठीत धरून किनाऱ्याकडे पळत सुटल्या. विनेशभाऊ बर्फ भरून मासेमारीला निघाले होते. होडीचं इंजिन सुरू झालं होतं.

"अवो, थांबा! ती लोकं आली हायेत!"

भाऊंनी इंजिन बंद केलं. वाळूवर उभ्यानंच सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घेऊन ये त्यांना. पाणी उतरायच्या आत निघू. जाळी उद्या टाकू."

जेटीवर आश्लेषा मांडीवर कलश घेऊन बसली होती. शेजारी तिचा भाऊ ओंकार घड्याळाकडे बघत उभा होता.

"मला वाटलं, अस्थींचं काम म्हणून तुम्हाला नको असेल," आश्लेषा म्हणाली.

"न्हाय गो बाय! तुझं बोलणं बाजूला पडलं व्हतं. मला दिसलंच न्हाय." ताईंनी मला तिच्यासमोर धरलं. ती माझ्या तडकलेल्या काचेकडे बघत राहिली. मग तिनं ताईंच्या खांद्यावर डोकं टेकलं.

खाडीच्या मुखाशी भाऊंनी इंजिन बंद केलं. बहीण-भावांनी कलश पाण्याकडे वाकवला.

घरी परतल्यावर ताईंनी, आश्लेषानं दाखवलं होतं तसं, तिचं नाव दाबून धरलं, पुन्हा त्या खोक्याला बोट लावलं आणि ते यादीत परत आणलं. मग यादीच्या वरची संग्रहाची ओळ उघडली. तिथे आणखी दोन नावं होती. हरेश्वर नावाच्या गृहस्थांनी कधीच विचारलं होतं, "माझे वडील होडीत बसू शकतील का? त्यांना चालता येत नाही."

ताई उंबऱ्यावरच बसल्या आणि उत्तर लिहू लागल्या.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला चार्ज करा, ते तर हवंच. पण अधूनमधून ती संग्रहाची ओळही उघडत जा. आपल्याला वाटतं समोरचा माणूस गप्प झाला; आणि तो तिथे बसून आपल्या उत्तराची वाट बघत असतो.