कडी नसलेल्या दरवाज्याची कैफियत

मी दरवाजा बोलतोय. ठोठावू नका, सरळ आत या. मला कडीच नाही.

सुतार कडी ठोकायला निघाला होता, पण ताईंनी त्याला थांबवलं. "या घरात कडी नको," म्हणाल्या. तुरुंगातून सुटलेली माणसं बाहेरच्या जगात रुळेपर्यंत इथे एकत्र राहतात आणि ताई हे घर चालवतात. मी सभागृह आणि अंगण यांच्या मधला. मला वाटलं, दिवसभर उघडझाप, काय मजा! कसलं काय. ही मंडळी माझ्यासमोर येऊन नुसती उभी राहतात. इतकी वर्षं दार दुसऱ्यानेच उघडलेलं, त्यामुळे हात पुढे येतच नाही. शेवटी ताई येऊन मला ढकलतात. अपमान होतो हो माझा!

इथे राष्ट्रीय सण सगळ्यांनी मिळून साजरे करायचे असतात. यंदा स्वातंत्र्यदिनाचं भाषण मास्तरांकडे होतं. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. त्यांची मुलगी पहिल्यांदाच भेटायला येणार होती, म्हणून ते रोज माझ्यासमोर भाषण घोकायचे. "स्वातंत्र्य म्हणजे..." इथे गाडी हमखास अडायची. पाठ झालं ते मलाच.

त्या सकाळी पाहुणे फाटकातून थेट अंगणात येऊन बसले. आमची मंडळी सभागृहात, इस्त्रीचे कपडे घालून, माझ्यासमोर रांगेत. सगळ्यात पुढे मास्तर.

"उघडतील आता," मास्तर म्हणाले.

"घाई नको, ताईंची तयारी चालली असेल," मागून पहिलवान म्हणाला. पहिलवान कसला, फुंकर मारली तर उडेल!

बाहेर ताई पाहुण्यांना सांगत होत्या, "येतीलच हं, आवरताहेत."

आत सगळे ताटकळलेले, बाहेर सगळे ताटकळलेले. मधे मी. हसावं की रडावं?

तेवढ्यात मास्तरांची मुलगी उठली. "ताई, मी निघते. बाबांना मला भेटायचं दिसत नाही."

फटीतून ते मास्तरांनी ऐकलं. चेहरा पांढराफटक पडला. 'अहो, ढकला की!' मी मनातल्या मनात ओरडलो. त्यांनी ढकललं नाही, सरळ खांद्याने धडकच दिली. त्यांच्या मागून अख्खी रांग! सगळे एकदम अंगणात, एकमेकांच्या अंगावर. पहिलवान सगळ्यात खाली.

मुलगी हसतहसत धावली. बापाला उठवत म्हणाली, "दार अडकलं होतं का हो बाबा?"

"नाही गं," मास्तर धूळ झटकत म्हणाले. "उघडंच होतं. आम्हीच थांबलो होतो."

भाषण तेवढंच झालं. ताईंनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून माझी एक बिजागरी निखळली आहे. आता जो तो उठसूट मला उघडतो, पहिलवान तर काम नसतानाही. दमतो मी, पण बरं वाटतं. तुम्हीही कुठल्या दारापुढे ताटकळला असाल, तर एकदा हात लावून बघा, एवढीच विनंती.

काल मुलगी न्यायला आली आणि मास्तर तिच्याकडे राहायला गेले. निघताना मला लावायचंच विसरले. पहिलवान लावायला आला, तर मीच अडून बसलो. म्हटलं, ते दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत तरी बघू दे.