रिकामे किलोमीटर

मुलांनो, जरा अशी कल्पना करा, की तुमच्या बाबांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक कागद आहे. उद्या सकाळी तो साहेबांच्या टेबलावर गेला, की बाबांची नोकरी संपली. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, पण कुणी अवाक्षर काढत नाही.

भिंगरीच्या घरी त्या रविवारी असंच चाललं होतं. पोरगी एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव. पण आज तीसुद्धा भिंतीला टेकून बसली होती. आई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती आणि टाके जरा जास्तच जोरात पडत होते.

बाबा औषधांच्या गोदामाची व्हॅन चालवायचे. पगार महिन्याला बावीस हजार. मामा ॲपवरची टॅक्सी चालवायचा. मागच्या रविवारी त्याने मोबाइल पुढे धरून दाखवलं होतं, आठवड्याचे चौदा हजार सातशे! तेव्हापासून बाबांच्या डोक्यात एकच हिशेब होता, महिन्याला साठ हजारांच्या घरात. उद्या राजीनामा द्यायचा आणि आईने शिलाईतून साठवलेली ठेव मोडून, वर कर्ज काढून नवी गाडी उचलायची.

“आणखी किती वर्षं दुसऱ्याची किल्ली खिशात घालून फिरू?” बाबा म्हणाले. “आणि तुझाच भाऊ सांगतोय. तो काय खोटं बोलेल?”

“खोटं नाही बोलत,” आई मान वर न करता म्हणाली. “पण सगळं सांगतोय का?”

एवढ्यात खाली हॉर्न वाजला. रविवारी मामाची गाडी पुसणं हे भिंगरीचं काम. ती फडकं घेऊन धावली. काचा पुसून झाल्या, की गाडी एकूण किती चालली तो आकडा मोठ्याने वाचायचा, हा तिचा आवडता खेळ. आज आकडा होता शहाण्णव हजार. मागच्या रविवारचा तिला पाठ होता, चौऱ्याण्णव हजार चारशे.

वर आली तेव्हा मामा बाबांना मोबाइल दाखवत होता. भिंगरीनेही डोकं घातलं. आठवड्याचे पैसे मागच्याइतकेच होते. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रवाशांसह ८६० किलोमीटर’.

“पण गाडी तर सोळाशे चालली,” ती म्हणाली. “मामा, उरलेले सातशे चाळीस किलोमीटर गाडीत कोण बसलं होतं?”

मामा हसायला गेला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

“कुणी नाही गं. मी एकटाच. गिऱ्हाईक सोडायचं आणि पुढचं शोधत फिरायचं.”

मशीन थांबलं. आई उठून जवळ आली. तिने भावाला विचारलं, “मी एका गणवेशाची शिलाई घेते, तेव्हा ती सगळी माझी असते का? त्यातून दोरा जातो, बटणं जातात, वीज जाते, आणि चुकलेलं उसवण्यात अख्खी दुपार जाते. मग तुझी शिलाई किती आणि दोरा किती, तेवढं सांग.”

लिहायला कागद हवा होता. बाबांनी काही क्षण विचार केला आणि खिशातला कागद काढून उलटा ठेवला.

मामा सांगत गेला आणि भिंगरी वजा करत गेली. ॲपच्या कंपनीचा वाटा बत्तीसशे. इंधन त्रेचाळीसशे. कर्जाचा हप्ता, आठवड्यावर पाडला तर चौतीसशे. टायर, विमा, दुरुस्ती यांचे बाराशे. उरले दोन हजार सहाशे.

“किती तास?” बाबांनी विचारलं.

“रोज अकरा. सातही दिवस.”

बाबांना अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याला पाच हजार पडत होते. वर आजारपणाची भरपगारी रजा.

“दाजी, आणखी एक,” मामा जमिनीकडे बघत म्हणाला. “तुम्हाला कंपनीत आणलं, की मला बक्षीस मिळणार होतं. त्यातून या महिन्याचा हप्ता भरणार होतो. मागचा थकलाय.”

आता बाबा चिडणार, असं भिंगरीला वाटलं. पण बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“अरे, आधी सांगायचंस. मोठा आकडा दाखवून आम्हाला कसला दिपवतोस? आणि मीही वेडाच. एवढी वर्षं गाडी हाकतोय, पण एकदाही विचारलं नाही, की हातात उरतं किती.”

थकलेल्या हप्त्यावर दोघांनी मिळून मार्ग काढायचं ठरवलं. राजीनाम्याच्या पाठीवर आता वजाबाकी होती, त्यामुळे तो देण्याजोगाही राहिला नव्हता. ठेव जागच्या जागी राहिली.

मुलांनो, टॅक्सी चालवणं कमीपणाचं नाही, आणि नोकरी म्हणजे स्वर्गही नाही. पण कुणी मिळकतीचा आकडा सांगितला, की दोन गोष्टी जरूर विचारा. हातात उरलं किती, आणि त्यासाठी तास किती गेले? आणि आपली बाजू लंगडी असेल, तर ती आपल्या माणसांपासून लपवू नका. मामाने ती लपवली होती, म्हणूनच अजून एक घर कर्जात जायची वेळ आली होती.

सोमवारी संध्याकाळी मामाची गाडी दाराशी थांबली. भिंगरी धावत खाली गेली. तिच्या हातात फडकं नव्हतं. शिवायच्या दोऱ्याने पेन्सिल बांधलेली एक वही होती. तिने ती स्टिअरिंगवर ठेवली आणि म्हणाली, “गाडी हलली की लिहायचं, मामा. रिकामी हलली तरी.”