हिरव्या डोळ्यांची सासू

मित्रांनो, आमच्या सूनबाईंना बसायची रीतसुद्धा नाही. आल्या दिवशीच ती माझ्या मखमली पेटीत ऐसपैस पसरली आणि माझी रवानगी झाली मांडणीवर, रबरी हातमोज्यांच्या ढिगात. सूनबाई म्हणजे नवा उष्णता-कॅमेरा. अंगातली ऊब लाल-पिवळ्या रंगांत दाखवते आणि दिवसभर कौतुक करून घेते.

मी एक जुनी रात्रदुर्बीण आहे. माझा सगळा संसार प्राणिसंग्रहालयाच्या अंधारघरात झाला. रात्री जागणारे प्राणी पाहुण्यांना हिंडताना दिसावेत म्हणून तिथे दिवसा एकच मिणमिणता दिवा ठेवतात आणि रात्री लख्ख उजेड करून त्यांना झोपवतात. जगाचा दिवस ती आमची रात्र.

टोपी घातलेल्या, तोंडाला फडकं बांधलेल्या कारागीर बायकांनी मला धुळीचा कण नसलेल्या खोलीत घडवलं. माझ्या पोटातल्या नळीतली हवासुद्धा काढून घेतली. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण माझं काम मला तोंडपाठ आहे. अंधार कितीही दाट असो, उजेडाचे चार कण कुठून तरी येतातच. ते माझ्या भिंगातून आत शिरतात आणि एका पातळ थरावर आदळतात. तिथून इलेक्ट्रॉन नावाचे चिमुकले कण सुटतात. बॅटरी त्यांना पुढे हाकते. वाटेत काचेची चकती आहे, चाळणीसारखी, पण भोकं केसाहून बारीक. त्यांच्या भिंतींवर आपटत एकाचे शंभर, शंभराचे हजार होतात आणि शेवटी हिरव्या पडद्यावर जाऊन चमकतात. मूठभर बियाण्याचं शेत करावं तसं मी कणभर उजेडाचं चित्र करते. सूनबाईला उजेड लागतच नाही, ती ऊब पाहते. मान्य आहे. दुसऱ्याचा गुण नाकारणाऱ्यातली मी नव्हे.

अंधारघराचे राखणदार मामा. सगळेच त्यांना मामा म्हणतात, पण खरे मामा ते इथल्या डॉक्टरीणबाईंचे. कोण लंगडतंय, कोण जेवत नाही, सगळं त्यांना मी दाखवलं. "हिचा डोळा चुकला तर मिशी उतरवीन," असं ते चारचौघांत म्हणत. मग भाचीने सूनबाई आणली आणि मामा मला विसरले. बॅटरीसुद्धा पोटातच राहिली. ती पाझरली आणि माझ्या तारांवर पांढरा थर चढला.

अशात लाजवंती व्याली. लाजवंती म्हणजे बशीसारख्या डोळ्यांचा, मुठीत मावेल एवढा, माकडाच्या कुळातला लाजाळू जीव. तिचं आधीचं पिल्लू जगलं नव्हतं, म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. दार उघडायचं नाही, अचानक उजेड करायचा नाही, आई घाबरली तर पिल्लाला टाकून देईल, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद होती. सकाळी मामांनी चहाचा पेला हातात घेऊन काचेबाहेरून सूनबाई रोखली. पडद्यावर एक मोठा ठिपका, एक छोटा. "मायलेकरं निवांत आहेत," असं सांगत ते गावभर मिरवून आले.

दुपारी चहाचा दुसरा पेला शेजारी ठेवून ते पुन्हा काचेसमोर बसले, तेव्हा मात्र त्यांनी भाचीला घाईघाईने बोलावलं. "अगं, पिल्लू आत्ता चांगलं लालभडक होतं. बघता बघता फिकं पडलं. गार होतंय ते."

डॉक्टरीणबाईंनी दाराच्या कडीला हात घातला, पण आधी एकदा पडद्याकडे पाहिलं. तेवढ्यात मामांनी कान खाजवला. पडद्यावरच्या आईनेही खाजवला.

"मामा, परत खाजवा बरं."

मामांनी खाजवला. आईनेही.

"मामा, ही लाजवंती नाही, हे तुम्ही आहात. ऊब काचेतून आरपार जात नाही, उलटी फिरते. मीच सांगायला विसरले."

"आणि पिल्लू?"

"तो तुमचा चहा. पिऊन टाका, गार झालाय."

हसू आलं तसंच विरलं. म्हणजे खरं पिल्लू कुणी पाहिलंच नव्हतं. मामांनी हातमोजे उपसून मला काढलं. डॉक्टरीणबाईंनी जुनी बॅटरी फेकली, पांढरा थर नखाने खरवडला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, नवी बॅटरी घातली. मी डोळा उघडला.

उजेड काचेतून येतो, मला काचेचं काय? आई वरच्या फांदीवर एकटीच होती. पिल्लू खाली, पाण्याच्या भांड्याशी, पाचोळ्यात. त्याने एक हात वर केला.

"जिवंत आहे," मामा पुटपुटले. डॉक्टरीणबाई दिव्याशिवाय आत शिरल्या. बाहेरून मामा फोनवर हळू आवाजात सांगत होते, "डावीकडे. अजून वीतभर. हां, हाताखालीच आहे." डॉक्टरीणबाईंनी पिल्लू अलगद खालच्या फांदीवर ठेवलं. आई थबकत थबकत उतरली, तिने त्याला हुंगलं आणि पोटाशी घट्ट धरलं. हिरव्या पडद्यावर मी ते असं लख्ख दाखवलं की मामांनी माझी काच सोडून आपलेच डोळे पुसले.

"मिशी वाचली, मामा," डॉक्टरीणबाई बाहेर येत म्हणाल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना ठेवून देताना आधी बॅटरी काढा, आणि आमच्या डोळ्यांवर भगभगीत दिवा मारू नका. काम कधी पडेल, सांगता येत नाही.

संध्याकाळी मला मानाने पेटीत ठेवलं. सूनबाई कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मी तिला स्पष्टच सांगितलं, "चहाला माझं नातवंड ठरवलंस, सूनबाई. आजपासून काचेसमोर मी आणि मोकळ्यावर तू. आणि अशी आक्रसून बसू नकोस, सरक इकडे. पेटी दोघींना पुरते."